तांब्याची होडी आणि श्रीखंडाचं झाकण

“तुमचा विश्वास बसणार नाही,” मी खैरनार मास्तरांना म्हणालो, “आणि बसावा असा माझा आग्रहही नाही.”

मास्तर आणि त्यांची बायको आमच्या वरच्या मजल्यावर नुकतेच राहायला आले होते. चहाला बोलावलं होतं. तांब्याची होडी रिमोटवर चालवली असं मी म्हटलं की माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग माझ्या कपात वाकून बघतो, आत नक्की चहाच आहे ना म्हणून. मास्तरांनीही बघितलं. मी फळीकडे बोट दाखवलं. दोन घागरींच्या मधे ती ठेवलेली असते, लांबट, चकचकीत. वहिनींनी आल्या आल्या तिच्याकडे पाहून पटकन नजर वळवली होती. आजारी माणसाच्या खाटेखाली ठेवतात ते भांडं वाटलं असणार. बऱ्याच जणांना वाटतं.

तांबट लेनमध्ये राहायला आलात, आता ठोकाठोकी आणि माझ्या गोष्टी, दोन्ही ऐकाव्या लागतील, असं सांगून मी मांडी ठोकली.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची. त्या चैत्रात एका सकाळी प्रमिला, म्हणजे आमची ही, कुंकू लावायला आरशासमोर उभी राहिली आणि बोट कपाळापर्यंत पोहोचेना. अर्धांगाचा झटका, पण हलका होता म्हणाले. पाय आठवड्याभरात सुटला. तोंडाला तर काही झालंच नव्हतं, उलट धार चढली होती. उजवा हात मात्र राहिला. डॉक्टर भला माणूस. त्याने मला बाहेर बोलावून सांगितलं की बोटं हलवत ठेवा, जे परत यायचं ते या काही महिन्यांतच यायचं, एकदा हात निजला की पुढे उठवणं कठीण. आणि एक मऊ रबरी चेंडू दिला, दिवसातून कितीतरी वेळा दाबायला.

प्रमिलाने तो चेंडू दुसऱ्या दिवशी धुणंवालीच्या पोराला देऊन टाकला. ज्या हाताने हंडे फिरवले त्या हाताने आता चेंडू दाबत बसू का, म्हणाली. हात पदराखाली घेतला तो घेतलाच. शेजारणीकडून उसनं आणलेलं भांडं झाकून ठेवावं तसा. कोणी आलं की पदर आणखी खाली ओढायचा. जेवण डाव्या हाताने, तेही आम्ही कोणी बघत नाही असं पाहून. मी रागावलो, गोड बोललो, डॉक्टरची भीती घातली. ती भिंतीकडे तोंड करायची.

आमची उज्ज्वला ठाण्याला असते. ती रोज फोन करून आईला व्यायामाचं विचारायची. पुढे पुढे आईचा फोनच लागेना. मग ती दुकानात मला फोन करायची, बाबा, आईचा फोन सारखा कव्हरेजच्या बाहेर का असतो? मी म्हणायचो, अगं, जुनं घर, भिंती जाड. मलाही तसंच वाटत होतं.

“मग हात?” वहिनींनी विचारलं.

म्हटलं, थांबा. आधी होडी येऊ द्या.

आमच्या धंद्यात जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत येतात. भंगारवाला पोतं ओततो, मी निवडतो. एके दिवशी त्या पोत्यातून, फुटक्या बंबाच्या पोटातून, एक प्लास्टिकची होडी निघाली. रिमोटवर चालणारी, पोरांची. पुढचा भाग कोणीतरी जाड माणूस बसल्यासारखा चेपलेला. रिमोट सुतळीने तिच्याच गळ्यात बांधलेला. भंगारवाला म्हणाला चुकून आली असेल, फेकून द्या. मी गंमत म्हणून दोघांत सेल घातले आणि रिमोटचा दांडा पुढे ढकलला. मागचा इवलासा पंखा असा काही फिरला की माझी टोपी उडून समोरच्या दुकानात गेली. मास्तर, हसू नका, ती टोपी समोरच्या माणसाने आणून दिली म्हणून तर दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यावर होती.

होडी घरी नेली. प्रमिला खाटेवर भिंतीकडे तोंड करून. न वळताच तिने विचारलं, काय आणलंत. म्हटलं, होडी आहे. अंग मोडलंय, पण आतला जीव शाबूत आहे. अंग मी नवीन करतो, तांब्याचं.

भिंतीकडूनच आवाज आला.

“तांबं बुडतं.”

“मग विहिरीत घागर तरंगते ती कशी?”

“रिकामी असते तोवर तरंगते.”

दोन दिवसांत तिने माझ्याशी केलेलं तेवढंच बोलणं. मला ते सोन्यासारखं वाटलं. म्हणून दुसऱ्या दिवशी पत्रा कापायला घेतला. दुकानात नाही, घरच्या अंगणात, तिच्या खिडकीसमोर. ठोकल्याचा आवाज थेट तिच्या कानात जाईल असा बसलो.

आता खरं सांगतो, होडी करणं मला मुळीच येत नव्हतं. माझा हात जन्मभर गोल गेलेला. पत्रा तापवायचा, पाण्यात विझवायचा, लोखंडी खुंटावर धरून ठोकायचा, आणि ठोकता ठोकता तो आपोआप गोल होत जातो. तसंच झालं. होडी करायला घेतली आणि दुपारपर्यंत अर्धी कळशी तयार. तिला पुढे नाक काढायला गेलो तर झारीची तोटी निघाली. पाण्यात सोडली तर झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखी उलथी झाली. पुन्हा सरळ केली, पुन्हा उलथी. खिडकीतून आवाज आला की बूड सपाट करा, गोल बुडाचं भांडं चुंबळीशिवाय उभं राहतं का कधी.

हे मला सुचायला हवं होतं. सुचलं नाही. बूड सपाट केलं, आत तळाला शिशाचा तुकडा बसवला, नाक ठोकून ठोकून निमुळतं केलं आणि वरून बारीक ठोके देऊन सगळ्या अंगावर असं काम केलं की ऊन पडलं की समोरच्या गच्चीवरची कबुतरं डोळे मिटायची. वर पुन्हा तांब्याचंच झाकण, घट्ट, डब्याच्या झाकणासारखं बसणारं. पाणी आत जायला नको ना. मग जुन्या होडीतली मोटर, सेलचा डबा आणि ती तारांची चिमुकली पेटी असं सगळं काढून आत बसवलं. पंख्याच्या दांड्यासाठी भोक पाडलं, त्यात मेण भरलं.

आणि मग मी ती चूक केली, जी फक्त तांबटच करू शकतो.

भांडं झालं की ते गळतं का हे आम्ही कसं बघतो? पाणी भरून. काठोकाठ भरायचं, फडताळावर ठेवायचं, खाली थेंब येतो का बघायचं. शेकडो घागरी अशा पारखल्या. त्या दिवशीही मी सवयीने बादली उचलली आणि होडी काठोकाठ भरली. एक थेंब गळला नाही. मी छाती फुगवून खिडकीकडे बघितलं.

“अहो,” प्रमिला म्हणाली, “मोटर आत आहे ना?”

भद्रकालीत दिगंबर आहिरेचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. मी होडी घेऊन तिकडे धावलो. दिगंबरने ती उपडी केली, पाणी त्याच्या चपलेवर पडलं. त्याने शांतपणे विचारलं, बुडाली का. म्हटलं, नाही, मी भरली. तो चप्पल झटकत म्हणाला, काका, होडीत पाणी बाहेरून यायची वाट बघायची असते. बायकोचं केस वाळवायचं यंत्र मागवून त्याने सगळं कोरडं केलं, दोन तारा बदलल्या, मोटर पुन्हा गुरगुरायला लागली. चहा पाजला तो निराळाच. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला मात्र त्याने ही गोष्ट सांगितली, मी तिथे बसलेला असताना.

घरी येऊन हे सगळं मी खाटेशेजारी बसून सांगितलं, थोडं तिखटमीठ लावून. दिगंबरची चप्पल वाहत वाहत रस्त्यापर्यंत गेली म्हणालो. प्रमिला हसली. चैत्रानंतर पहिल्यांदा. हसताना तिने सवयीने उजवा हात तोंडाशी न्यायला उचलला, तो निम्म्यात अडला, आणि हसूही तिथेच थांबलं. हात पुन्हा पदराखाली गेला. पण तो उचलला गेला होता, हे मी बघितलं होतं. तिनेही.

पुढचा तमाशा काहिलीतला. एका गुऱ्हाळवाल्याने सांगून ठेवलेली आणि नंतर न नेलेली प्रचंड काहील आमच्या अंगणात पडून होती. दोन माणसं आत बसून गप्पा मारतील एवढी. ती पाण्याने भरली. होडी सोडली. वाऽ, काय पळाली म्हणता. या काठाला आपटली, त्या काठाला आपटली, मांजर कठड्यावरून पाण्यात पडलं. मग मी म्हटलं, आता थाटात चालवू, आणि झाकण बसवलं.

दांडा ढकलला. काही नाही.

झाकण काढलं, आत बघितलं, सगळं ठीक. दांडा ढकलला, पंखा फिरला. झाकण बसवलं. मेली.

तुम्हाला सांगतो, मास्तर, त्या होडीने मला वेडं करायचंच बाकी ठेवलं. सेल बदलले. तारांची टोकं चिंच-मीठ लावून घासली, तांबट दुसरं काय करणार. टोकं लखलखली, होडी गप्प. दिगंबरकडे नेली, झाकण न लावता, कारण झाकण घरी राहिलं. तिथे शहाण्या मुलीसारखी चालली. घरी आणली, झाकण लावलं, खलास. दिगंबर म्हणाला तुमच्या घरात काहीतरी आहे. मी लिंबू-मिरची बांधली. रिमोट उन्हात ठेवला. शेवटी त्या रिमोटला मी काय काय बोललो ते वहिनींसमोर सांगता येणार नाही. असे बरेच दिवस गेले. प्रमिला एव्हाना खाट सोडून अंगणातल्या खुर्चीवर बसायला लागली होती, पदर हातावर ओढून, आणि माझी फजिती बघत होती. एकदा मी वैतागून होडी मोडीच्या पोत्यात टाकली.

“काढा ती,” ती म्हणाली.

“ती चालत नाही.”

“चालते. झाकण काढलं की चालते. तांब्याच्या डब्यात घातल्यावर तिला ऐकू कसं येणार?”

मी विचारलं, हे तुला कसं ठाऊक. ती घरात गेली आणि आतून आमचा जुना तांब्याचा साखरेचा डबा घेऊन आली, डाव्या काखेत धरून. माझ्या मांडीवर ठेवला. मी उघडला. आत साखर नव्हती, तिचा मोबाईल होता.

“उज्ज्वला सारखी फोन करते,” ती म्हणाली. “यात ठेवून झाकण लावलं की लागत नाही.”

मी डबा बघितला, फोन बघितला, तिला बघितलं. एवढे दिवस मी घराच्या भिंतींना नावं ठेवत होतो. रागवायला हवं होतं, पण आधी हसू आलं आणि मग रागवायची वेळ निघून गेली. दोघं हसलो. त्या संध्याकाळी तिने स्वतः उज्ज्वलाला फोन लावला आणि आधी होडीचंच सांगितलं. व्यायामाचं पोरीने विचारलं तेव्हा मात्र म्हणाली की आवाज नीट येत नाही.

तर झाकण तांब्याचं नको. लाकडाचं जड. पत्रावळीचं एका दिवसात ओलं. शेवटी श्रीखंडाच्या डब्याचं प्लास्टिकचं झाकण मापात बसलं. ते मिळवायला अर्धा किलो श्रीखंड खावं लागलं, शास्त्रासाठी माणसाला सोसावं लागतं. झाकणाला भोक पाडून त्या चिमुकल्या पेटीची तार बाहेर काढली. होडी चालायला लागली. वर लिहिलेलं होतं, केशर-इलायची. ते तसंच ठेवलं. बोटीला काही नाव हवंच ना.

आता प्रश्न उरला चालवण्याचा. जाताना होडी माझं ऐकायची. परत येताना उलटी. मी डावीकडे दांडा दाबला की ती माझ्या उजवीकडे पळायची. काहिलीच्या काठावर आपटून आपटून नाकाला पोचे पडले, ते मी रोज ठोकून काढायचो. खुर्चीतून प्रमिला ओरडायची की उजवं दाबा, उजवं. मी म्हणायचो ती डावीकडे चाललीय. ती म्हणायची तुमच्या डावीकडे, तिच्या उजवीकडे.

तिला हे कळत होतं याचं कारण आहे. मोठा हंडा एकट्याने ठोकता येत नाही. एक जण ठोकतो, एक जण समोर बसून भांडं फिरवतो. आमच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत वडील थकले आणि ती माझ्यासमोर बसायला लागली. मी म्हणायचो डावीकडे घे, ती तिच्या उजवीकडे घ्यायची. कधी चुकली नाही. समोरून येणाऱ्याचं डावं-उजवं तिच्या अंगातच मुरलेलं. मला कशाला मुरेल, मी कायम एका बाजूला बसलेला.

म्हटलं, एवढं कळतं तर तूच चालव. मला हात कुठाय, ती म्हणाली. एवढं कडू तिने कधी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, डावा आहे ना. रिमोटला दोन दांडे असतात, डावा पुढे-मागे न्यायला, उजवा वळवायला. तू डावा धर, उजवा मी बघतो, तू फक्त सांग.

मग काय, एका रिमोटला दोन माणसं. मी तिच्या खुर्चीशेजारी स्टुलावर, अर्धा रिमोट तिच्या मांडीवर, अर्धा माझ्या हातात. अख्ख्या तांबट लेनने कठड्यावरून ते भांडण ऐकलं. ती वेग द्यायची, मी उलटा वळायचो. तिचा सांगायचा आणि माझा ऐकायचा मेळ बसेना. चाळीस वर्षं हंडे ठोकले, एक होडी काठापासून वाचवता येईना. शेवटी एकदा तिचा पदर सरकला. माझा अंगठा चुकीच्या बाजूला चाललेला बघून तिचा उजवा हात मांडीवरून उठला आणि माझ्या अंगठ्यावर येऊन पडला. पडलाच म्हणतो मी, त्यात ताकद नव्हती. पण तो बरोबर बाजूला पडला.

होडी वळली.

मी जन्मात इतका वेळ गप्प बसलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी मला ऐन वेळी शिंक आली, अंगठा काढावा लागला. तिसऱ्या दिवशी पाठ खाजायला लागली. मग डोळ्यात काहीतरी गेलं. प्रत्येक वेळी तो दांडा थोडा वेळ रिकामा राहायचा आणि तिचा अंगठा त्याच्यावर टेकायचा. घसरायचा, पुन्हा टेकायचा. दांडा हलका, स्प्रिंगचा, नुसता टेकला तरी होडी थोडी वळते. लोकांसमोर मात्र नाही. कोणी डोकावलं की हात पदराखाली. एकदा धुणंवाली आली तर प्रमिलाने रिमोटच मांडीवरून खाली टाकला. काहिलीत किती दिवस चालवायची होडी, म्हणून मी एक दिवस ठरवलं की आता नदी.

“गांधी तलावावर?” मास्तरांनी विचारलं.

तिथेच. रामकुंडाच्या पुढे गोदावरीचं पाणी अडवलंय, संथ असतं. पुढे बांधावरून मात्र ते खाली पडतं. दिवाळी झाली होती, सकाळची वेळ. रिक्षाने गेलो. प्रमिला आली, पण अट घालून, की रिमोटला हात लावणार नाही, नुसती बघेल. पायऱ्यांवर बसली, पदर घट्ट. दिगंबर दुकान बंद ठेवून आला, चपला घरी ठेवून. यात्रेकरू जमले. एक गुरुजी पिंडदानाचे मंत्र म्हणता म्हणता थांबले, आणि त्यांच्यासमोरचा यजमानही मागे वळला. मी केशर-इलायची पाण्यात सोडली.

ती काय गेली, मास्तर. उन्हात तांबं असं पेटलं की लोकांना वाटलं दिवा सोडलाय. बदकं बाजूला झाली. नौकेतून फिरायला आलेल्या मंडळींनी वल्ही वर केली आणि सलाम ठोकला. मासे वर येऊन स्वतःचं तोंड तिच्या अंगात बघून गेले. मी खुशीत दांडा पुढे ढकलत राहिलो. आणि ढकलता ढकलता ती बांधाच्या बाजूला गेली. तिथे पाण्याला ओढ. दिगंबर ओरडला की काका, वळवा, वळवा. मी वळवली. ती आता माझ्याकडे तोंड करून होती, आणि मी डावं दाबलं.

चुकीचं डावं.

होडी तिरकी झाली आणि ओढीला लागली. खाली पाणी पडल्याचा आवाज. सगळा घाट उभा राहिला. एवढ्या महिन्यांची ठोकाठोक, ती खिडकी, ती काहील, सगळं त्या काठावर जाऊन टेकलं होतं. ती गेली असती तर प्रमिला पुन्हा भिंतीकडे वळली असती, आणि तिला तिथून परत बोलवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

वहिनींनी कप खाली ठेवला होता. मास्तर पुढे सरकले होते.

इथे मी आवाज जरा चढवतो. आत स्वयंपाकघरापर्यंत जाईल इतपत.

“मग काय,” मी म्हणालो, “विचार करायला वेळ कुठे होता? चपला काढल्या, पायजमा खोचला आणि सदऱ्यासकट उडी टाकली. सूर असा मारला की पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका भिजल्या. पाण्याला ओढ अशी की बैल वाहून जावा. चार हात मारले आणि बांधापाशी. होडीचं नाक दातांत धरलं, आणि एका हाताने पाणी कापत, दुसऱ्या हाताने दिगंबरला थांब थांब करत—”

“खोटं.”

प्रमिला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“ह्यांना पोहता येत नाही, मास्तर. रिमोट माझ्या मांडीत टाकून हे पायरीवर डोळे मिटून बसले होते. सगळा घाट बघत होता. होडी मी वळवली, आणि काठाला आणून लावली. ह्या उजव्या हाताने.”